आनसाबाईचा गूळ आणि चाखणीसाची जीभ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर नुकतेच कुठे खाली बसले होते आणि नद्या अजून वाट विचारत विचारत चालत होत्या.

त्या काळी एका डोंगराळ राज्यात चहाची हिरवी पूड प्यायची चाल होती. आजकाल तिला माचा म्हणतात आणि काचेच्या उंच पेल्यातून पितात. तेव्हा नुसती हिरवी पूड म्हणत आणि मातीच्या वाडग्यातून पीत. वाडग्यात चिमूटभर पूड टाकायची, वर गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या काड्यांच्या रवीने फेस येईपर्यंत घुसळायचं. झालं.

झालं म्हणालो खरा, पण त्याआधीचं काम सोपं नव्हतं. पानं खुडायच्या आधी तीन आठवडे झुडपांवर गवताचे मांडव घालायचे. ऊन लागलं की पान रागावतं, आणि रागावलेलं पान कडू होतं, असं तिथले लोक म्हणत. मग कोवळी पानं खुडायची, वाफवायची, वाळवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या आणि उरेल ते जात्यावर दळायचं. पूड इतकी बारीक, की एकदा दळता दळता एका बाईला शिंक आली, तर तिची वर्षाची पूड शेजारच्या गावाने श्वासातून पिऊन टाकली. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

तर अशा त्या राज्यात एक कडक कायदा होता. त्या वेळच्या राजाच्या आजोबांनी एकदा शेजारच्या राजाला चहा पाजला होता. तो निघाला कडू. पाहुण्या राजाला वाटलं, आपला अपमान केला. त्यावरून तीन वर्षं लढाई झाली. लढाई संपल्यावर आजोबांनी फर्मान काढलं, की ज्या बागेचा चहा कडू, ती बाग तोडायची. मात्र पहिला घाव राजाने स्वतः घालायचा, म्हणजे उगाच कोणाची बाग तुटायला नको.

आता कडू कोणता आणि गोड कोणता, हे ठरवणार कोण? त्यासाठी दरबारात एक माणूस होता. जसा चिटणीस, जसा फडणीस, तसा हा चाखणीस.

या चाखणीसाच्या जिभेची काय गोष्ट सांगू! विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की त्या विहिरीत कोणत्या साली कोणाची घागर बुडाली, ते तो सांगायचा. भाकरी खाल्ली की बाजरी कोणत्या बैलाने मळली तेही. एकदा तर त्याने सांगितलं, की त्या बैलाचा डावा पाय दुखत होता. लोकांनी जाऊन पाहिलं. बैल खरंच लंगडत होता. उजव्या पायाने, पण लंगडत होता ना!

चाळीस वर्षं तो चहा चाखत होता. चाळीस वर्षांत त्याने अकरा बागा कडू ठरवल्या आणि अकराही तुटल्या. त्याचा शब्द कधी फिरला नव्हता. फिरला, तर चांदीचा चमचा खाली ठेवून पद सोडायचं, असा नियम होता. आणि तो चमचा त्याने झोपेतसुद्धा कधी दूर ठेवला नव्हता.

त्या वर्षी खुडणी झाली. चाखणीस पालखीत बसून निघाला.

पहिलं घर लागलं नागोजीरावांचं. डोंगराच्या पायथ्याशी मोठी बाग, आणि फाटकाशी आवळ्याचं भलं मोठं झाड. त्या घरातली माणसं उठल्यापासून झोपेपर्यंत आवळा चघळत. ताजा नसला तर मिठात वाळवलेल्या फोडी. नागोजीरावांचा एक गाल कायम फुगलेला, त्यामुळे ते रागावलेत की आवळा खातायत, हे बायकोलाही कळत नसे.

"या या, चाखणीसबुवा! उन्हातून आलात, घ्या आवळा, तोंडाला चव येईल." नागोजीरावांनी वाटीच पुढे केली.

चाखणीसाने दोन फोडी चघळल्या. मग पूड पाहिली. रंग जरा पिवळट होता, वाळत्या गवताच्या वळणाचा. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळली, तर कणी लागली. वास घेतला, तर किंचित करपल्यासारखा. नागोजीरावांचं जातं दोन धिप्पाड गडी गरागरा फिरवत, दगड तापे आणि पूड भाजून निघे. शिवाय मांडवही त्यांनी तीन आठवड्यांऐवजी दहाच दिवस घातले होते.

डोळ्याने, बोटाने, नाकाने तिघांनीही नाक मुरडलं. पण चाखणीस होता जिभेचा. त्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"गोड!" तो म्हणाला. "उसाच्या पेरासारखा गोड!"

"मी काय सांगत होतो?" नागोजीराव म्हणाले. "आमच्या घरात सगळ्यांना असाच लागतो." आणि हे अगदी खरं होतं. जाताना त्यांनी आवळ्याच्या फोडींची पुरचुंडीही पालखीत ठेवली.

दुसरं घर होतं डोंगराच्या माथ्यावर, आनसाबाईचं. एकटी बाई, साठीला टेकलेली. नवरा गेल्यावर तिने एकटीने बाग राखली होती. साठ झुडपं. प्रत्येकाला तिने नाव ठेवलं होतं आणि प्रत्येकाशी ती बोलायची. एक झुडूप तर उलटं बोलायचं म्हणतात. मी ऐकलेलं नाही, पण मला त्या झुडपाचं पटतं.

आनसाबाई दळायची ती सावकाश. एका ओवीला जात्याचा एक फेरा, त्याहून जास्त नाही.

*हळू फिर रे जात्या, नको तापूस उन्हावाणी,*
*पानाच्या रे पोटामंदी, निजलं सावलीचं पाणी.*

दिवसभर दळून ओंजळभर पूड निघायची.

पालखी पाहून आनसाबाई धावत बाहेर आली. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर काही न ठेवता त्याला कामाला लावायचं? तिच्या घरची ती रीत नव्हती. तिने घरातला शेवटचा गुळाचा खडा फोडला आणि तांब्याभर पाण्याबरोबर पुढे केला.

"आधी गूळपाणी घ्या, दादा. दम खा. चहा कुठं पळून जातोय?"

चाखणीस दमला होताच. त्याने गूळ खाल्ला. थोडा दाताला चिकटला, तोही जिभेने काढून खाल्ला. मग पूड पाहिली.

रंग पोपटाच्या पिसासारखा. चिमटीत चोळली, तर अंगठ्याच्या रेघांत शिरून नाहीशी झाली. वास पाऊस पडून गेलेल्या कुरणासारखा. घुसळली, तर धारोष्ण दुधावर येतो तसा फेस. डोळा, बोट, नाक, तिघंही खूश.

त्याने घोट घेतला. आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"कडू," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"कडू. चांगलाच कडू."

आनसाबाईला वाटलं, थट्टा आहे. ती हसली. मग चाखणीसाने चांदीचा चमचा वाडग्यावर आडवा ठेवला. ती कडूची खूण होती. ते पाहून तिचं हसू ओठावरच वाळलं.

"दादा, पुन्हा एकदा घ्या," ती म्हणाली. "नीट बसा, पुन्हा घ्या."

"बाई, चाखणीस दुसऱ्यांदा चाखत नाही. आठव्या दिवशी महाराज कुऱ्हाड घेऊन येतील."

आनसाबाई बागेत गेली आणि पहिल्या झुडपापाशी बसली. एवढ्या साठ जणांना सांगायचं कसं, याचा विचार करत असावी.

चाखणीस उतरणीला लागला. भोयांना पुढे पाठवून तो पाय मोकळे करत चालला. तोंड कडवटलं होतं, म्हणून त्याने नागोजीरावांची पुरचुंडी सोडून आवळ्याची फोड तोंडात टाकली. वाटेत एक झरा होता. तो ओंजळभर पाणी प्यायला आणि सवयीने निकाल देऊन मोकळा झाला.

"वा! काय गोड पाणी! असा गोड झरा उभ्या राज्यात नसेल."

झऱ्याच्या दगडावर एक बेडूक बसला होता. तो हसायला लागला. बेडूक हसला की त्याचं पोट आधी हसतं आणि तोंड नंतर.

"कशाला हसतोस रे?" चाखणीस म्हणाला. "मी कोण आहे माहीत आहे का?"

"नाही बुवा," बेडूक म्हणाला. "मी पडलो एका डबक्यातला. तुम्ही दहा गावचं पाणी प्यायलेले. पण काल एक गाडीवान इथे आला होता. गाडीत गुळाच्या ढेपा, तोंडात गूळ. पाणी प्यायला आणि म्हणाला, शी, काय बेचव झरा आहे. आज तुम्ही म्हणता गोड. मी जन्मापासून यातच आहे. पाणी तेच आहे, महाराजा. तोंडं बदलतात."

एवढं बोलून बेडकाने पाण्यात उडी मारली आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

चाखणीसाचा मात्र सुरू झाला. तो त्याच दगडावर बसला. तोंडातली फोड थुंकली, बऱ्याच चुळा भरल्या, बराच वेळ थांबला आणि मग पुन्हा ओंजळ तोंडाला लावली.

पाणी पाण्यासारखं लागलं.

त्याला सगळं कळलं. आवळ्यावर काहीही प्या, गोड लागतं. गुळावर काहीही प्या, त्याचं गोड मागे जातं आणि कडू पुढे येतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि राज्याच्या चाखणीसाला ती चाळीस वर्षं सुचली नव्हती.

तिथून वर आनसाबाईचं घर हाकेच्या अंतरावर होतं. खाली त्याचं घर दोन कोसांवर होतं. चाखणीस दगडावरून उठला आणि खाली गेला.

असं का, म्हणाल? अहो, चाळीस वर्षांची कीर्ती होती. शब्द फिरवायचा म्हणजे चमचा ठेवायचा. त्याने स्वतःला समजावलं, की एका म्हातारीची साठ झुडपं, त्यांचं ते काय! तुम्हीआम्हीही स्वतःला अशी समजूत घालतो. फक्त आपल्याला बेडूक भेटलेला नसतो.

पण घरी गेल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. बायकोने वरणभात वाढला, तो कडू लागला. दुसऱ्या दिवशी खीर केली, तीही कडू. तिसऱ्या दिवशी श्रीखंड. चाखणीसाने बोट चाटलं आणि ताट सरकवलं.

"तेही कडूच का?" बायकोने विचारलं.

"कडूच."

"अहो, साखर मी मोजून नाही, ओतून घातलीय. मुंग्यासुद्धा दोन पावलं चालून बसतायत." तिने कमरेवर हात ठेवले. "तुम्ही त्या डोंगरावरून आल्यापासून हे चाललंय. तिथे काय सांडून आलात, ते आधी सांगा."

तिच्यापासून लपवणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. आवळा, गूळ, बेडूक, सगळं.

बायकोने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे कडू तिचा चहा नव्हता. कडू तुमचा शब्द होता, आणि तो अजून तुमच्याच तोंडात आहे. जा आणि थुंकून या. तोवर मी काही रांधायची नाही."

तरी तो चार दिवस घरात बसून राहिला. एक दिवस वाटे जावं, एक दिवस वाटे नको. बायकोने शब्द पाळला आणि चूल पेटवली नाही. आठवा दिवस उजाडला तेव्हा चाखणीस उठला आणि पालखी न बोलावता पायी डोंगर चढू लागला.

माथ्यावर सगळे जमले होते. राजा पहिल्या झुडपापुढे कुऱ्हाड घेऊन उभा होता. नागोजीराव साक्षीला आले होते, गाल फुगलेला. आनसाबाई झुडपाच्या बुंध्याशी बसली होती, हात त्याच्या खोडावर. तिने राजालाही गूळपाणी विचारलं होतं, पण घरात गूळ उरला नव्हता, म्हणून नुसतं पाणी दिलं होतं.

राजाने कुऱ्हाड उचलली.

"थांबा महाराज!" चाखणीस धापा टाकत ओरडला. "बाग कडू नाही. मी कडू होतो."

"म्हणजे काय?" राजाने कुऱ्हाड खाली घेतली. "चाखणीस, कोड्यात बोलू नका. माझा हात भरून आलाय."

चाखणीसाने नागोजीरावांपुढे हात पसरला. "नागोजीराव, एक फोड द्या. महाराज, ही चघळा. आता वर हे पाणी प्या. कसं आहे?"

"गोड," राजा म्हणाला आणि चकित होऊन तांब्यात डोकावला. "यात साखर घातलीय का?"

"नाही महाराज. बाईंनी तुम्हाला मघाशी दिलं तेच पाणी. नागोजीरावांच्या घरी मी आधी आवळा खाल्ला आणि त्यांच्या चहाला गोड म्हणालो. इथे आधी बाईंचा गूळ खाल्ला आणि त्यांच्या चहाला कडू म्हणालो. मला कोणी फसवलं नाही. दोघांनीही प्रेमानेच दिलं. खोटं कोणीच बोललं नाही, तरी निकाल खोटा झाला."

"मग खरा निकाल कसा करायचा?"

"तोंड रिकामं करून. चूळ भरायची, कोरड्या भाकरीचा तुकडा चावायचा, पुन्हा चूळ भरायची. मग शंभर श्वास मोजत गप्प बसायचं. मग चाखायचं."

राजा बसला. राजा बसला म्हणून नागोजीरावांनाही बसावं लागलं, आणि तेही आवळ्याशिवाय. शंभर श्वास! त्यांच्या गालाची सूज आयुष्यात पहिल्यांदा उतरली, तेव्हा कुठे लोकांना कळलं, की त्यांना खळी पडते.

आधी शिपायाने खालून आणलेली नागोजीरावांची पूड घुसळली. पहिला घोट त्यांनाच दिला. तो घेतल्यावर त्यांचं तोंड एरंडेल प्यायलेल्या पोरासारखं झालं.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," चाखणीस म्हणाला.

नागोजीरावांनी वाडग्यात डोकावून पाहिलं. "पण आमच्या घरात सगळ्यांना..." ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मग आनसाबाईची पूड. राजाने घोट घेतला. आधी जिभेवर कोवळ्या पानाची चव आली. मग किंचित कडवट, जेवढी खऱ्या गोष्टीत असते तेवढीच. राजाच्या कपाळाला आठी पडू लागली. चाखणीस हळूच म्हणाला, "थांबा महाराज. गिळून टाका आणि थांबा. हा चहा शेवटचं मागून सांगतो."

राजा थांबला. आणि घशाच्या आतून, अगदी सावकाश, जात्याच्या एका फेऱ्याच्या चालीने, गोडवा वर आला.

राजाने कुऱ्हाड शिपायाच्या हाती दिली आणि वाडगं पुन्हा पुढे केलं.

आनसाबाईने डोळ्याला पदर लावला. मग लगेच चाखणीसाकडे वळून म्हणाली, "मी म्हणलं होतं, पुन्हा एकदा घ्या म्हणून! ऐकलं का कोणी?"

"चुकलो, बाई," चाखणीस म्हणाला.

"आणि नागोजीरावांच्या बागेचं काय?" एका शिपायाने विचारलं. कायदा कायदा होता.

नागोजीरावांचा चेहरा उतरला. पण चाखणीसच बोलला. "महाराज, त्यांना आपला चहा आज पहिल्यांदा कळलाय. ज्याला कालपर्यंत कळलंच नव्हतं, त्याला सुधारायला एक वर्ष तरी द्या."

राजाने एक वर्ष दिलं. एवढंच नाही, तर आजोबांचं ते फर्मानच मागे घेतलं.

सगळे खूश झाले. फक्त राजाला एक विचार सुचला, आणि त्याने तो बोलून दाखवला. "चाखणीस, आधीच्या त्या अकरा बागा... तेव्हा तुम्ही काय खाऊन बसला होतात?"

चाखणीसाने हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"मला आठवत नाही, महाराज," चाखणीस म्हणाला. त्याने चांदीचा चमचा राजाच्या पायाशी ठेवला आणि तिथूनच तो त्या अकरा घरांच्या वाटेला लागला.

प्रत्येक घरी जाऊन त्याने एकच प्रश्न विचारला. "मी आलो होतो त्या दिवशी, चहाच्या आधी मला काय दिलं होतं?"

पहिल्या घरी म्हणाले, "पुरणपोळी. चाखणीस येणार म्हणून मुद्दाम केली होती." दुसऱ्या घरी, "मध. स्वतः पोळं काढून आणला होता." तिसऱ्या घरी लाडू, चौथ्या घरी काकवी. अकरापैकी नऊ घरांनी त्याचं तोंड गोड केलं होतं. ज्यांनी जास्तीत जास्त आदर केला, नेमक्या त्यांच्याच बागा तुटल्या होत्या. उरलेल्या दोघांनी काहीच दिलं नव्हतं. त्यांचा चहा मात्र खरोखर कडू होता, हे त्यांनीच हसत कबूल केलं.

नवांपैकी सहा ठिकाणी झुडपांची खोडं अजून जमिनीत होती. चाखणीसाने त्यांच्याभोवतीची माती मोकळी केली, पाणी घातलं, मांडव बांधले. चाखणं सोडून त्याने हेच काम धरलं. दोन वर्षांनी पालवी फुटली. पण तीन ठिकाणी लोकांनी मुळंही उपटून नाचणी पेरली होती. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. तिथे तो बांधावर नुसता उभा राहिला आणि मालकाने बस म्हटल्यावर बसला.

त्या दिवसापासून त्या राज्यात रीत बदलली. चहा आधी आणि गूळपाणी नंतर. आणि कोणी कोणाला नावं ठेवू लागलं, अमका वाईट, तमकी तिरसट, की ऐकणारा पाण्याचा तांब्या पुढे करून एवढंच म्हणतो, "आधी चूळ भरा." खोटं वाटत असेल तर त्या बेडकाला विचारा. तो अजून तिथेच आहे, आणि झराही.

बोध: दुसऱ्याला कडू म्हणण्याआधी आपण काय खाऊन आलो आहोत, ते आठवावं.